दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल का?

ताई,

माझं वय ४७. दादरला आमचं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे, मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. दिवसाला अडीचशे-तीनशे पोळ्या होतात. सकाळी सहापासून पायांवर उभी असते. माझ्या डाव्या तळपायाला, टाचेच्या थोडं पुढे, लग्नाआधीपासून एक तीळ आहे. तेव्हा खरंच तिळाएवढा होता. गेल्या वर्षीच्या गणपतीत पाय धुताना मोठा वाटला. यंदाच्या गणपतीपर्यंत हरभऱ्याच्या डाळीपेक्षा मोठा झालाय. एका बाजूला काळाभोर, दुसरीकडे फिकट तपकिरी, आणि कड अशी की टीपकागदावर शाई फुटावी. दुखत नाही, खाजत नाही. पण मागच्या महिन्यात दोनदा पायपुसण्यावर रक्ताचा ठिपका दिसला.

रोज रात्री सगळे झोपले की मोरीत बसून हातआरशात बघते. जाऊ म्हणते, चुना आणि धुण्याचा सोडा लाव, गळून पडेल. खालच्या पार्लरमधली मुलगी म्हणते, मशीननं पाच मिनिटांत जाळून देते. नवरा हसतो, म्हणतो, पायाला तीळ म्हणजे तू परदेशी जाणार. मला भीती वेगळीच आहे. दाखवायला गेले आणि त्यांनी टाटाला पाठवलं तर? आत्ता पितृपक्षाच्या ऑर्डरी आहेत, मग दिवाळीचा फराळ. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल का?

– एक पोळीवाली, दादर


पोळीवालीबाई,

नाही चालणार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पुढचं वाचायला वेळ नसेल तर राहू द्या, पण येत्या मंगळवारी सकाळी त्वचारोग विभागात जाऊन तो तीळ दाखवा. मंगळवार अशासाठी, की सोमवारी सरकारी ओपीडीत जत्रा असते आणि तुम्ही रांग बघून परत फिराल. तेवढं मी तुमच्या पत्रावरून ओळखते.

मी डॉक्टर नाही. म्हणून तुमचं पत्र माझ्या ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या अध्येमध्ये 'हं, हं' करत होत्या. पायपुसण्यावरच्या रक्तापाशी आले तेव्हा म्हणाल्या, "हे उत्तर छापून कधी येणार? त्याच्या आधी त्यांना फोन करता येईल का?" तुम्ही नंबर दिलेला नाही. म्हणून बाकीची पत्रं मागे ठेवून तुमचं आधी घेतलं.

तुमच्या पत्रातलं मोरीतलं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्हाला निष्काळजी कोण म्हणेल? वर्षभर, दिवसभराच्या उभ्या कामानंतर, लोकं झोपल्यावर तुम्ही फरशीवर बसून तळपाय वळवून बघता आहात. तपासणी रोज चालू आहे. फक्त बघणाऱ्याला ते वाचता येत नाही. घरात मोडी लिपीतलं जुनं खत असावं, ते रोज रात्री उघडून त्यातल्या वळणांकडे बघत बसावं, आणि मोडी वाचणारा माणूस टॅक्सीनं पंधरा मिनिटांवर राहत असावा, असं झालंय तुमचं.

हे वाचणं म्हणजे काय असतं तेही सांगते. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वतःचाच तळपाय अर्धा तास न्याहाळत बसले होते. बोटांच्या ठशांत असतात तशा रेघा आपल्या तळपायाच्या कातडीवरही असतात. नीट बघितलं तर ते नांगरलेलं शेतच आहे: सरी, वरंबा, सरी, वरंबा. साध्या तिळाचा काळा रंग सहसा सरीत उतरलेला असतो. तळपायाचा जो वाईट तीळ असतो, ज्याला मेलानोमा म्हणतात, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, त्याचा रंग वरंब्यावर चढतो. जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी हा फरक बारकाईनं मांडला, कारण त्यांच्याकडेही हा रोग पायाच्या तळव्यालाच जास्त दिसतो. आता सरी कुठली आणि वरंबा कुठला हे साध्या डोळ्यांना कळत नाही, मोरीतल्या दिव्यात तर नाहीच. त्यासाठी डॉक्टरांकडे डर्मोस्कोप असतो. खिशात मावणारं भिंग, त्यात दिवा, साधारण दहापट मोठं दिसतं. त्यातून वरंब्यावरची घामाची बारीक छिद्रं पांढऱ्या मण्यांसारखी ओळीनं दिसतात, त्यावरून डॉक्टर ओळखतात की हा वरंबा. पायावर ते भिंग टेकवून बघायचं. सुई नाही, कापणं नाही, दुखणं नाही. तुम्ही एका पोळीला दोन्ही बाजूंनी भाजता तेवढ्या वेळात होतं.

त्या बाईंना नुसत्या पत्रावरून घाई का वाटली, तेही त्यांनी सांगितलं. तीळ मोठा आहे म्हणून नव्हे, वाढतो आहे म्हणून. तीस वर्षं तिळाएवढा राहिलेला तीळ पंचेचाळिशीनंतर एका वर्षात डाळीएवढा होत असेल तर ते कुणीतरी बघायलाच हवं, मग बाकी काही असो वा नसो. तुमच्याकडे बाकीही आहे. दोन रंग आहेत, एक बाजू दुसरीसारखी नाही, कड फुटलेली आहे, रक्त आलंय. अंगावरच्या तिळाला सहा मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीची जाडी, ही ढोबळ खूण धरतात. तळपायाला सातच्या पुढे गेला तर डॉक्टर बहुधा तुकडा तपासून बघा म्हणतात. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी लावून बघा तुमचा किती भरतो ते. आणि दुखत नाही याचा दिलासा घेऊ नका. तीच यातली सगळ्यात फसवी गोष्ट. दुखला असता तर तुम्ही गेल्या गणपतीतच दाखवला असतात.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं घाबरवून तुम्हाला घराबाहेर काढायचं माझ्या मनात नाही. मेलानोमा आपल्याकडे दुर्मीळ आहे. वर्षाला लाखात एकालाही होत नाही. गोऱ्या लोकांना उन्हानं जो त्रास होतो त्यापासून आपला सावळा रंग आपल्याला बराच वाचवतो. पण होतो तेव्हा आपल्या लोकांत तो बऱ्याचदा ऊन न लागणारी जागा धरतो: तळपाय, तळहात, नखाखालची कातडी. 'मी कुठे उन्हात जाते' हा हिशेब तिथे चालत नाही. माझ्या भाच्याच्या खोलीत बॉब मार्लीचं पोस्टर आहे, जमैकाचा तो गायक. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग निघाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं होतं की फुटबॉल खेळताना लागलंय. १९८१ मध्ये गेला, छत्तीस वर्षांचा. आपल्याकडेही असंच होतं, पायाचं दुखणं म्हणजे चपलेनं घासलं, ठेच लागली, भेग पडली, आणि चार महिने निघून जातात. चपलेनं घासून टाचेत रक्त साकळतंही, काळा ठिपका दिसतो, पण तो काही आठवड्यांत फिकट होत निघून जातो. वर्षभर वाढत नाही.

(बाकीच्या वाचकांसाठी एक ओळ. हातापायाच्या एकाच नखात काळी उभी रेघ असेल, ती रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर आला असेल, तर नेलपॉलिश पुसून तेही दाखवून या. बऱ्याच नखांत असतील तर आपल्या रंगाच्या लोकांत त्या पुष्कळदा निरुपद्रवी असतात.)

माझी गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की ही बाई नुसती खुर्चीत बसून सांगते. दोन वर्षांपूर्वी सून माझ्या ब्लाऊजचे हूक लावत होती, म्हणाली, "आई, पाठीवर हे काय काळं?" खडबडीत, वाटाण्याएवढं, आणि माझ्या बहिणीच्या मते 'आधी नव्हतं'. मी पाच महिने काही केलं नाही. रात्री पडल्या पडल्या मनातल्या मनात पाटल्या कुणाला आणि मोहनमाळ कुणाला याच्या वाटण्या करत होते. धाकटीला जास्त जातंय म्हणून दोनदा बदललं. शेवटी सून ओढत घेऊन गेली. ओपीडीत तीन तास बसलो. आत एक पोरगेलासा डॉक्टर, त्यानं भिंग लावलं, मी श्वास धरला, आणि चाळीस सेकंदांत म्हणाला, "आजी, ही वयाची चामखीळ आहे. मेण चिकटल्यासारखी असते. काही करायचं नाही." मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी राग आला, की पाच महिने मी कशासाठी मरत होते, आणि हा मला आजी का म्हणतो.

तुमचंही तसंच निघेल असं मी म्हणत नाही. माझं पाठीवर होतं आणि खडबडीत होतं. तुमचं जिथे आहे आणि जसं आहे, ते वेगळं आहे. मी इतकंच सांगते की माझे पाच महिने वाया गेले आणि माझ्या नशिबानं त्यांची किंमत नुसती झोपेत मोजली.

जाऊबाईंच्या चुन्याबद्दल. चुना आणि सोडा कातडी जाळतात. तीळ 'गळतो' म्हणजे वरचं कातडं भाजून पडतं, मागे जखम राहते, आणि त्या जखमेत सरी-वरंब्याचं सगळं लिखाण पुसून जातं. पार्लरवाल्या मुलीचं मशीन याहून वाईट, कारण तिथे सगळं स्वच्छ दिसतं. ती वरचा काळा भाग जाळेल, पाच मिनिटांत तळपाय साफ होईल, तुम्ही खूष व्हाल. खाली जे असेल ते तिथेच राहील, वर व्रणाचं झाकण बसेल. आणि जळालेला तुकडा तपासायला कुणाकडे पाठवणार? डॉक्टर काढतात तेव्हा तो बाटलीत घालून पॅथॉलॉजीला जातो, सगळा निकाल त्या बाटलीतून येतो. चाळीतली कुणी थुजाचे थेंब घेऊन येईल, एखादी घोड्याचा केस बांधायला सांगेल. चामखिळीवर काय करायचं ते करोत, बदलणाऱ्या तिळावर काहीही लावायचं नाही, बांधायचं नाही, खरवडायचं नाही.

यजमानांचं परदेशाचं म्हणणं मला आवडलं, खोटं कशाला बोलू. आमच्या आजीचंही तेच होतं, तळपायाला तीळ म्हणजे पायाला भोवरा. त्यांना सांगा, परदेशी जायला आधी पासपोर्ट लागतो, आणि त्याच्या अर्जात अंगावरची ओळखीची खूण विचारतात. वर्षभरात चौपट झालेली खूण ओळखीची कशी म्हणायची? थट्टा राहू द्या. ते हसतात ते बहुधा घाबरून. आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांना घाबरायचं दुसरं कसं ते येत नाही. त्यांना 'जाऊ का' असं विचारू नका. 'मंगळवारी सकाळी आठला निघायचंय, रांगेत उभं राहायला तुम्ही हवेत' असं सांगा. काम दिलं की ते येतील. आणि आत डॉक्टर काय बोलले ते दोघांनी ऐकलेलं बरं, एकट्या माणसाला अर्धं आठवत नाही.

आता टाटा.

मुंबईत हा शब्द कसा उच्चारतात ते मला माहीत आहे. 'त्यांना टाटाला दाखवलंय' असं म्हणताना माणूस आपोआप आवाज खाली आणतो. तुम्ही दादरच्या, परळवरून जाता-येता त्या फुटपाथवर चटया टाकून बसलेली माणसं बघितली असणार, हातात फायलींच्या पिशव्या, तोंडाला मास्क, डोक्यावर केस नाहीत. ते हॉस्पिटल १९४१ सालापासून तिथे आहे, त्यामुळे आपल्या तीन पिढ्यांच्या डोक्यात ते चित्र पक्कं बसलंय. तुम्हाला मंगळवारी तिथे जायचंच नाहीये. तुम्हाला जायचंय त्वचारोग विभागात, जिथे तुमच्या पुढे नायटा झालेला रिक्षावाला असेल आणि मागे तोंडावर मुरमं आलेली कॉलेजातली पोरगी. तीळ साधा निघाला तर गोष्ट तिथेच संपली. शंका आली तर तुकडा काढून तपासतील. त्या तपासात काही निघालं तरच पुढचं नाव. आणि समजा, पुढे जावं लागलंच, तर त्या फुटपाथवरची बरीच माणसं बिहार-बंगालमधून, दोन-दोन दिवस रेल्वेत बसून, इथे पोचण्यासाठी काय काय विकून आलेली असतात. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन कणीक मळाल.

लवकर आणि उशिरा यात नेमका कशाचा फरक पडतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. मेलानोमात किती रुंद यापेक्षा किती खोल हे जास्त महत्त्वाचं, असं ॲलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये दाखवलं. तेव्हापासून जगभर सूक्ष्मदर्शकाखाली त्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. घडीच्या पोळीचे पदर सुटतात ना, तशी कातडी पदरापदरांची. रोग अगदी वरच्या पदरात असेल तर तेवढा भाग कापून काढला की काम जवळजवळ संपतं. एक मिलिमीटरच्या आत असेल, म्हणजे फार तर तुमच्या पोळीचा सुटलेला एक पदर, तरी बहुतेकांना शस्त्रक्रिया पुरते. चार मिलिमीटर म्हणजे मात्र वेगळीच गोष्ट, मग जांघेत अवधाण आलंय का ते चाचपायचं, गाठी तपासायच्या, लांबचे उपचार. हा सगळा फरक दोन-तीन मिलिमीटरचा आहे, आणि तो वरून आरशात दिसत नाही. दिवाळीपर्यंत थांबलात तर तीळ कदाचित तेवढाच दिसेल. खाली काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही.

जायचं कसं ते सांगते. तुम्हाला दादरहून केईएम जवळ, सायन आणि नायरही फार लांब नाहीत. तिन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि तिथे स्पष्ट 'स्किन' म्हणा, नाहीतर पायाचं म्हटल्यावर तुम्हाला हाडांच्या विभागात पाठवतील. खासगीत जायचं असेल तर पाटीवर एमबीबीएसपुढे त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी आहे का ते बघा. 'स्किन अँड लेझर' असं गुलाबी अक्षरात लिहिलेल्या सगळ्याच ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ बसलेला नसतो.

जाण्याआधी दिवसाउजेडी, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढून ठेवा. गेल्या वर्षीचा एखादा फोटो योगायोगानं असेल, लग्नकार्यातल्या मेंदीचा वगैरे, तर शोधा, फार उपयोगी पडेल. मेंदीवरून आठवलं: नवरात्र येतंय, तळपायाला मेंदी किंवा आळता लावू नका. पाय साध्या साबणानं धुऊन जा, क्रीम नको, हळद नको.

आत गेल्यावर 'पायाला जरा काहीतरी आहे' असं म्हणू नका. आपल्या बायकांची ही वाईट खोड, आजार सांगताना माफी मागितल्यासारखं सांगायचं. समोरचा डॉक्टर दिवसाला शंभर पेशंट बघतो, त्याला 'जरा काहीतरी' म्हटलं की तो मलम लिहून देईल. असं म्हणा: "हा तीळ जुना आहे, एका वर्षात एवढा वाढला, रंग बदलला, दोनदा रक्त आलं." एवढंच, याच क्रमानं. मग विचारा, डर्मोस्कोपनं बघाल का. 'काही नाही' म्हणाले तर चांगलंच, पण मग हेही विचारा की पुन्हा कधी दाखवू आणि काय झालं तर आधी येऊ. नुसतं मलम देऊन वाटेला लावलं आणि तीळ तसाच वाढत राहिला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. त्यात पहिल्याचा अपमान होत नाही.

तुकडा काढायचा म्हणाले तर घाबरू नका. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, ते तळपायाला चांगलंच झोंबतं, हे लपवत नाही. नंतर काही कळत नाही. शक्य असेल तर पूर्ण तीळच थोड्या कडेसकट काढतात, मोठा असेल तर आधी एक नमुना घेतात. 'सुरी लागली की पसरतो' हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. तपासणीसाठी तुकडा काढल्यानं हा रोग पसरत नाही. उशीर झाल्यानं पसरतो, आणि मग लोक सुरीला दोष देतात. डायबेटिस असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर मात्र आधी सांगा. रिपोर्टला साधारण आठवडा लागतो, कधी थोडा जास्त.

तुमची खरी अडचण टाक्यांची आहे, आणि ती मला कळते. तळपायाचे टाके लवकर काढत नाहीत, दोन आठवडे तरी धरा, आणि तेवढे दिवस त्या पायावर सहा-सहा तास उभं राहता येणार नाही. पण हाच हिशेब करून बघा ना. आत्ता मंगळवारी दाखवलंत आणि तुकडा काढायचाच ठरला, तर टाक्यांचे दिवस बहुतेक नवरात्रात जातील. निम्मं दादर उपासाला बसलेलं असतं, तुमच्या पोळ्या अशाही कमी होतात. साबुदाणा वडे जाऊबाई तळतील. दिवाळीच्या चकल्यांपर्यंत तुम्ही उभ्या. आणि दिवाळीनंतर दाखवलंत तर टाके पडतील लग्नसराईत. धंदा बघूनच ठरवायचं असलं तरी तारीख आत्ताचीच निघते. भाड्यानं पोळीवाली मिळते का ते आजपासून बघून ठेवा, शेजारच्या केंद्रातली एखादी संध्याकाळची येऊ शकेल. तव्यासमोर उंच स्टूल घ्या, टाके असोत वा नसोत. ते खरं तर वीस वर्षांपूर्वीच घ्यायला हवं होतं.

कुणी म्हणेल, पितृपक्षात दवाखान्याची पायरी कशाला. ओपीडी पितृपक्षात चालू असते. उलट रांग कमी असेल.

पैशांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मनात असेल. पालिकेच्या रुग्णालयात तपासणी आणि असा छोटा तुकडा काढणं यात तुमचा एका दिवसाचा गल्ला जाणार नाही. पुढे मोठं काही निघालंच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, त्यात कॅन्सरही आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. मंगळवारी ते लागणार नाहीत, पण शोधाशोध करण्यात लोकांचे आठवडे जातात.

काय झालं ते मला कळवा. सही हीच करा, बाकी नाव नको. आणि मंगळवारी निघण्यापूर्वी जाऊबाईंना सांगा, चुन्याची डबी आहे तिथे पानाच्या डब्यातच राहू दे, आणि त्या दिवशीची कणीक त्यांनी मळावी.